गाडीची जिल्द

मोटारीत डाव्या सीटच्या पुढे झाकणाचा जो कप्पा असतो त्याला 'ग्लोव्ह बॉक्स' म्हणतात, म्हणजे हातमोज्यांची पेटी. मोटारी उघड्या होत्या आणि विलायतेच्या थंडीत चालवणाऱ्याला हातमोजे घालावे लागत, तेव्हाचं हे नाव. आमच्या वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. इथं त्या पेटीत हातमोजे ठेवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आमच्या पेटीत आरसी बुक, विम्याचा कागद, पीयूसी, अब्बांची दवाखान्याची फाईल, बडीशेपेची डबी, एक सुती रुमाल आणि लाल रबराचा एक चेंडू असतो. 2018 पासून मोबाईलमधली कागदपत्रंही चालतात, हे मी अब्बांना कितीदा तरी सांगितलं. ते म्हणतात, "कागदाला चार्जिंग लागत नाही."

चेंडू अब्बांचा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र पुरता परतला नाही. महिन्यातून एकदा मी त्यांना गाडीत घालून सेवाग्रामला तपासणीला नेते. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं चेंडू दाबायला सांगितलं होतं, रोज शंभर वेळा. अब्बांनी तो दोन दिवस दाबला आणि मग कप्प्यात टाकून दिला. "मी काही लहान पोर नाही," म्हणाले. चाळीस वर्षं ज्या हातानं पुस्तकं बांधली त्या हाताला रबरी चेंडू देणं त्यांना अपमानाचं वाटलं असावं.

अब्बा जिल्दसाज. वर्ध्यात छापखाने पुष्कळ, शाळा-कॉलेजं पुष्कळ, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाही. शाळांचे हजेरीपट, कचेऱ्यांची रजिस्टरं, वकिलांची पुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध. कुणाच्या घरातलं आजोबांच्या वेळचं रामचरितमानस, कुणाचं कुरआन शरीफ. कुरआन शरीफ हाती घेताना ते वजू करून बसत, आणि मानस बांधतानाही पाय धुऊन, जमिनीवर चादर अंथरून बसत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा लाकडी शिकंजा होता. आता तो खाटेखाली आहे.

आमची गाडी 2011 सालची, आम्ही तिसरे मालक. शाळा तालुक्याच्या गावी, एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळली नाही आणि अब्बांना रिक्षात चढवणं कठीण, म्हणून मी पतसंस्थेचं कर्ज काढून ती घेतली. आधीच्या कुठल्या तरी मालकानं हौसेनं तिच्या कप्प्याच्या दारावर मरून रंगाचं रेक्झिन चढवून घेतलं होतं. दोन उन्हाळे ते तग धरून राहिलं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या वरच्या कडेला आधी बुडबुडा आला, मग कड सुटली, मग कोपरा वर आला. अब्बा डाव्या सीटवर बसत आणि त्यांच्या गुडघ्यांसमोर नेमका तो कोपरा येई. सेवाग्रामच्या जाण्या-येण्यात त्यांचा डावा हात त्या कोपऱ्याशी चाळा करी. नखानं थोडं उचलायचं, परत दाबायचं, परत उचलायचं. चेंडू आत पडून, आणि बाहेर हा व्यायाम चालू.

असं का होतं ते मला नंतर कळलं, आणि ते सांगण्यासारखं आहे. आजचं रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याच्या पाइपसारखं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखं एक रसायन मिसळतात. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या घरात तापतो. त्या तापात हे तेल हळूहळू बाहेर पडतं. काही हवेत उडतं आणि समोरच्या काचेवर आतून बसतं; ती चिकट धुरकट साय आपण धूळ समजून पुसत राहतो. काही खाली झिरपतं आणि गोंद मऊ करून टाकतं. वरून रेक्झिन कोरडं पडून आकसतं, आखडतं, कडा आत ओढते. खाली गोंद ओला पडलेला. दोन्हीकडून ओढाताण झाली की पहिला बळी कोपऱ्याचा. आमच्याकडे नवतप्यात लोक गाडीवर चादर टाकतात, पुढच्या काचेला पुठ्ठा लावतात. तो पुठ्ठा डॅशबोर्डसाठी सगळ्यात स्वस्त औषध आहे.

गाडी दुरुस्त करणाऱ्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, नवीन झाकण तं आता भेटत नाही. नागपूरले भंगारात पाहा." मग एका सीट कव्हरवाल्याकडे नेली. त्यानं साडेतीनशे रुपये घेतले, सुटलेल्या कडेखाली सोल्युशन भरलं, मुठीनं दाबलं आणि दहा मिनिटांत गाडी परत दिली. माझ्याशी तो बोललाच नाही; जे काही सांगायचं ते डाव्या सीटवरच्या अब्बांना सांगत होता. अब्बा काही बोलले नाहीत. थोडं पुढं आल्यावर म्हणाले, "आठ दिन." आठव्या नाही, नवव्या दिवशी कोपरा वर आला.

त्या दिवशी सेवाग्रामहून परतताना मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाले, "पुरानी लई पे नई लई लगाई उसने. मैल पे जिल्द चढ़ती क्या?" आणि मग, बऱ्याच दिवसांनी, ते कामावर बोलू लागले. जुन्या पुस्तकाची नवी बांधणी करायची तर आधी पुट्ठ्यावरची जुनी खळ भिजवून, खरवडून, कागद उघडा करावा लागतो. ते कंटाळवाणं काम टाळणारा जिल्दसाज पैसे घेतो आणि गिऱ्हाईक गमावतो.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "ते दार निघतं का?"

निघतं. कप्पा रिकामा केला, दोन्ही बाजूंच्या कडा आत दाबल्या, खालच्या बिजागरीतून दार सुटलं. मागच्या बाजूचे सहा स्क्रू काढले तेव्हा दाराचे दोन पदर वेगळे झाले, पुढचा देखणा आणि मागचा पेटीचा. अब्बांनी पुढचा पदर डाव्या हातात घेतला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे तर पुस्तकच आहे. पुट्ठा, वर कपडा, आत अस्तर."

हे म्हणणं जितकं भाबडं वाटतं तितकं नाही. रेक्झिन हे मूळ एका इंग्रज कंपनीचं नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात ती कंपनी कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, त्यावर चामड्याचे ठसे उमटवून नकली चामडं बनवी. खऱ्या चामड्याच्या साधारण चौथाई किमतीत. त्याचा उपयोग दोन्हीकडे होई, पुस्तकांच्या बांधणीला आणि 1920 च्या दशकापासून इंग्रजी मोटारींच्या आतल्या सजावटीला. कंपनीचं नाव मालाला चिकटलं, लेपाचं रसायन बदललं, आणि आपल्याकडे आजही जिल्दसाज आणि सीट कव्हरवाला एकच शब्द बोलतात. अब्बांना हा इतिहास ठाऊक नव्हता. त्यांच्या अंगठ्याला ठाऊक होता.

आमच्या घरात या कामाची वाटणी ठरलेली होती. खळ शिजवायचं काम अम्मीचं आणि आम्हा बहिणींचं. मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक व्हायला लागली की किडीसाठी चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून त्या खळीचं पातेलं वेगळं, आणि त्याला अम्मीनं कडीला लाल चिंधी बांधलेली. फर्मे मोडायचे, टाचायचे, हेही आम्ही करायचो. पण कापड चढवणं आणि कोपरा दुमडणं हे अब्बा करत, आणि त्यांनी ते शिकवलं भाईजानला. भाईजान शिकला आणि पुण्याला नोकरीला गेला. त्याला आता कोपरा आठवतो की नाही कोण जाणे. आम्हाला शिकवायचं नाही असं अब्बा कधी म्हणाले नाहीत. आम्ही शिकावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, इतकंच. मला त्यांनी डी.एड.ला घातलं, पुढे बी.एड.ला घातलं, मोहल्ल्यातल्या लोकांची बोलणी ऐकून घातलं, हेही इथं लिहिलं पाहिजे.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'वर्धा योजना' होती. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि अभ्यासक्रम तयार करायला जी समिती नेमली तिचे प्रमुख होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे 1967 मध्ये राष्ट्रपती झालेले. ख्वाजा गुलामुस्सय्यदैन त्या समितीत होते. सात वर्षांचं सक्तीचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या भोवती: कताई-विणाई, सुतारकाम, शेती, चामड्याचं काम. मी हे दहा गुणांसाठी उर्दूत पाठ केलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. आता मी ते डी.एड.ला जाणाऱ्या मुलींना समजावून सांगते. हस्तव्यवसाय म्हणजे मुलांनी टकळीवर सूत काढायचं, एवढाच त्याचा अर्थ लोकांनी लावला आणि योजना हळूहळू थंड पडली. झाकीरसाहेबांना काम म्हणजे नुसती हालचाल अभिप्रेत नव्हती. आधी काय करायचं ते ठरवणं, साधन निवडणं, करणं आणि मग आपलं काम आपणच तपासणं, हे सगळं मिळून काम, असं ते मानत. ज्या गावात हे ठरलं त्या गावात, पुढच्या खोलीत शिकंजा असलेल्या घरात वाढून, मला पुट्ठ्यावर कापड चढवता येत नव्हतं.

"बैठ," अब्बा म्हणाले. एप्रिलमधला रविवार होता. अंगणात लिंबाखाली चटई टाकली.

जुनं रेक्झिन केस वाळवायच्या यंत्राचा गरम वारा देत देत सोलून काढलं. एका दमात ओढलं तर कापडाचे तुकडे मागे राहतात. खाली पिवळा, मधासारखा गोंद. मी रॉकेल आणायला उठले तर अब्बांनी थांबवलं. रॉकेल गोंद काढतं पण स्वतः तेल सोडून जातं. जुन्या प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं, उरलेलं अंगठ्यानं गोळ्या करून काढलं, मग साबणाचं पाणी, मग स्पिरिट. पाऊण दिवस यातच गेला. मधे दोनदा मी म्हटलं, "झालं की." दोन्ही वेळा त्यांनी दार उन्हाकडे तिरकं धरून राहिलेला चट्टा दाखवला.

मागच्या बाजूला इंग्रजीत 'पीपी' असं छापलेलं होतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मी शाळेत विज्ञानही शिकवते, म्हणून हा भाग मी अब्बांना सांगितला. हे प्लास्टिक मेणासारखं, त्याला गोंद धरत नाही. तेलाच्या कॅनला आपण कागद चिकटवायला गेलो तर निघून येतो तसं. सीट कव्हरवाल्याचं सोल्युशन नऊ दिवस टिकलं यात नवल नाही. गाड्यांचे बंपर रंगवणारे लोक आधी एक प्लास्टिकचं प्रायमर मारतात, ते त्यांच्याकडून थोडं मागून आणलं. 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून चमक मारली, पुसलं, प्रायमरचा पातळ हात दिला. अब्बांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "तरी पण गोंद पे भरोसा नको कर बेटा. मोड को दाब में रख."

म्हणजे काय, तर पुस्तकाचं कापड पुट्ठ्यावर नुसतं चिकटलेलं नसतं. ते कडेवरून आत वळवलेलं असतं आणि त्या वळवलेल्या मोडीवर अस्तराचा कागद बसतो. मोड त्याच्याखाली बंदिस्त होते. तसंच इथं रेक्झिनची कड दाराच्या दोन पदरांमध्ये जाऊ द्यायची आणि सहा स्क्रूंनी आवळायची. उद्या उन्हानं गोंद सोडला तरी कड जाणार कुठं? आधीच्या माणसानं कड दाराच्या काठावरच कापून सोडली होती. मला वाटतं, आमच्या मरून रेक्झिनचा सगळा आजार या एका आळसात होता.

बजाज चौकाच्या बाजूला रेक्झिन मिळतं. अब्बांनी सोबत यायचा हट्ट धरला. दुकानदारानं जाड, फोमवालं दाखवलं. अब्बांनी ते दोन बोटांत दुमडून बाजूला सारलं. जाड मोड पदरांमध्ये मावणार नाही, दार बसणार नाही. पातळ, मागे विणीचं कापड असलेलं काळं रेक्झिन एक मीटर घेतलं. गरज होती अर्ध्याची. "बाकी लगेगा," म्हणाले.

वर्तमानपत्राचा खाका काढला, चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त. रेक्झिन अर्धा तास उन्हात ठेवलं, म्हणजे नरम पडतं. सोल्युशन दोन्ही अंगांना पातळ लावायचं आणि थांबायचं. खळीचं काम ओलं असताना होतं, सोल्युशनचं सुकल्यावर. बोट लावलं तर चिकटल्यासारखं वाटावं पण तार निघू नये. उन्हाळ्यात दहा मिनिटंही लागत नाहीत. पण एकदा टेकलं की सरकत नाही, खळीसारखी दुसरी संधी नाही. म्हणून अब्बांनी मधे बटर पेपर घालायला लावला. मधोमध एक रेघ टेकवायची आणि कागद दोन्हीकडे थोडा थोडा ओढत हात बाहेरच्या दिशेनं फिरवायचा. हा वास डोक्यात जातो आणि तो पेटही घेतो, म्हणून हे काम अंगणातच करावं, चुलीपासून दूर. (आणि ज्यांच्या गाडीत डाव्या बाजूला एअरबॅग आहे त्यांनी तिच्या झाकणावर असलं काही चढवू नये. फुगायच्या वेळी तिला वाट मोकळी हवी.)

मग कोपरा आला.

गोल कोपरा आणि चौकोनी कोपरा यांची रीत वेगळी. गोलाला कडेनं लहान लहान त्रिकोणी कापे द्यायचे, म्हणजे जास्तीचं रेक्झिन एकमेकांवर चढत नाही. चौकोनीला टोक तिरकं छाटायचं. पण अगदी टोकाशी नाही, पुट्ठ्याच्या जाडीच्या दीडपट जागा सोडून. कमी सोडली तर टोकाला पांढरं उघडं पडतं, जास्त सोडली तर गाठ येते. आमच्या दाराला वरचे दोन चौकोनी, खालचे दोन गोल. अब्बा बोलून सांगत होते, माझा हात चुकीच्या बाजूनं सुरू होत होता, आणि मग त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. त्यांनी माझ्या मुठीवर तो ठेवला आणि अंगठ्यानं माझा अंगठा ढकलला: आधी टोकाची चिमूट आत, मग एक बाजू, मग दुसरी. हाडाची घोटायची पट्टी त्यांनी खिशातून काढून दिली. ती पट्टी त्यांच्या खिशात होती हे मला माहीत नव्हतं.

पहिला कोपरा त्यांनी उचकटून परत करायला लावला. सोल्युशन एकदा धरलं की सोडत नाही म्हणतात, पण पहिल्या मिनिटात गरम वाऱ्यानं सोडतं. दुसऱ्यांदा त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, डावा नाही, उजवा. काही म्हणाले नाहीत. पुढचा कोपरा समोर केला.

कुलपाच्या कडीसाठी मधे फुलीचा छेद दिला, त्याच्या चार जिभा आत वळवल्या. पदर जुळवले, स्क्रू आवळले. एका कडेला मोड जाड झाली होती, ती उघडून तासली. शिकंज्यात बाकदार दार बसत नाही, म्हणून ओढणीच्या कापडात वाळू बांधून तिची पोटली वर ठेवली आणि रात्रभर राहू दिलं. भाईजानचा फोन आला तेव्हा अब्बा त्याला सांगत होते, "हां, चारों कोने. नहीं, मैंने नहीं किए." भाईजान काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

दार बसवून आता एक पूर्ण उन्हाळा झाला. नवतप्यात मी मुद्दाम रोज अंगठा फिरवून पाहिलं. एका कडेला किंचित फुगवटा आहे, तो आमच्या पोटलीत वाळू कमी होती त्याचा, वाढलेला नाही. कोपरे जागेवर आहेत. सेवाग्रामच्या वाटेवर अब्बांच्या हाताला आता उचकायला काही नाही. चेंडू ते अजूनही दाबत नाहीत.

उरलेलं अर्धं मीटर रेक्झिन खाटेखाली शिकंज्यावर गुंडाळी करून ठेवलं होतं. पावसाळ्यात शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या शाळेत फाटकी पुस्तकं असतीलच. आहेत. आमच्या कपाटात फिरोजुल्लुगातची एक प्रत आहे, तिचा पाठीचा कणा गेलेला आणि 'अलिफ'ची पानं सुतळीनं बांधलेली. मुलं ती उघडायला घाबरतात. हेडमास्तरांना विचारून मी ती घरी आणली. नववीच्या दोन मुली रविवारी येतो म्हणाल्या. अब्बांनी शिकंजा बाहेर काढायला लावला, त्याच्या आट्यांना तेल दिलं, आणि मला सांगितलं की पुस्तकाला सोल्युशन चालणार नाही, खळ शिजवावी लागेल. लाल चिंधीचं पातेलं अम्मीच्या मागेही कुणी टाकून दिलेलं नाही.

मोरचूद आणायला दुकानात गेले. "संत्र्याच्या झाडाले पाहिजे का, मॅडम?" दुकानदारानं विचारलं. "किती किलो?"

म्हटलं, पन्नास ग्रॅम.